बेसबॉलचा कॅचर घडवायचा असेल तर आधी गुडघे बघा

परभणीत आमच्याकडं पोरगं आलं की त्याला पिचरच, म्हणजे बॉल फेकणाराच, व्हायचं असतं. मी मात्र न घाबरणारं पोरगं हेरतो आणि त्याला होमप्लेटमागं, म्हणजे बॅट्समनच्या मागं, पिचरचा बॉल पकडायला बसवतो. तोच कॅचर.

पहिले पंधरा दिवस नुसतं बसणं. टाचा जमिनीला, पाय खांद्यापेक्षा रुंद, उघडा (ग्लोव्ह नसलेला) हात उजव्या घोट्यामागं. हात पुढं राहिला की फाऊल टिप (बॅटला चाटून मागं आलेला बॉल) बोटावर बसते. माझी करंगळी अशीच वाकडी झालीय.

मग ब्लॉकिंग. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, टप्पा कुठं उडेल सांगता येत नाही. म्हणून बॉल पकडायला जाऊ नका, अडवा. दोन्ही गुडघे टेका, ग्लोव्ह पायांमधल्या फटीत, हनुवटी छातीला, खांदे पुढं झुकलेले. बॉल छातीवर आदळून समोर पडला पाहिजे. सुरुवातीला टेनिस बॉल घ्या, म्हणजे डोळे मिटायची सवय लागत नाही.

सेकंड बेस, म्हणजे धावणाऱ्याचा दुसरा थांबा, होमप्लेटपासून जवळपास ३९ मीटरवर. तिकडं पळणाऱ्याला बाद करायला बॉल तिथवर फेकायचा, तर दंडापेक्षा पाय लागतात. आधी पाय वळवा, मग हात.

पोरांना मी क्युबाचा कॅचर आरिएल पेस्तानो याचं सांगतो. ऑलिंपिकमध्ये २००४ ला अथेन्सचं सुवर्ण, २००० आणि २००८ ला रौप्य. २०१३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशांच्या स्पर्धेसाठी त्याला संघात घेतलं नाही. त्याच वर्षी क्युबाच्या राष्ट्रीय लीगच्या अंतिम फेरीत, तिन्ही बेसवर आपले धावणारे उभे असताना, त्यानं व्हिया क्लारा या आपल्या संघासाठी होमरन (सगळे बेस पळून घरी परतता येईल असा फटका) मारला आणि संघ विजेता झाला. तेव्हा तो अडतिशीच्या पुढं होता. एवढी वर्षं गुडघे टिकवायचे असतील तर सरावानंतर दहा मिनिटं ताण द्याच.