स्काउट पथकासाठी जिओकॅशिंग: आधी डबा लपवायला शिकवा

अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० च्या आरंभी काढून टाकली, त्यामुळे ठिकाण अचूक कळू लागले आणि ३ मे रोजी ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर यांनी एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. लपवलेला डबा, आत वही व पेन्सिल, शोधणाऱ्याने नाव-तारीख लिहून डबा होता तसाच ठेवणे, एवढाच जिओकॅशिंगचा खेळ आहे. माग काढणे, नकाशा व होकायंत्र हे विषय स्काउटिंगमध्ये मुळातच असल्यामुळे पथकाला त्यासाठी नवे काही शिकावे लागत नाही.

माझे मत असे की, डबा शोधण्यापेक्षा तो लपवण्यात शिक्षण अधिक आहे. म्हणून शिक्षकांनी सगळे डबे स्वतः लपवून मुलांना नुसते पळवू नये. सहा ते आठ जणांच्या प्रत्येक संघाने दुसऱ्या संघासाठी एक डबा लपवावा. पहिला सराव शाळेच्या मैदानावरच करावा.

जागा निवडताना मराठवाड्यात विशेष विचार लागतो. देवगिरी, नळदुर्ग, परांडा यांसारखे किल्ले आणि लेणी संरक्षित असल्याने तिथे डबा ठेवू नये. गौताळा अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीविना जाऊ नये. गावाजवळची टेकडी किंवा ओळखीच्या शेतकऱ्याची आमराई पुरते, मात्र मालकाला आधी विचारावे आणि उभ्या ज्वारीतून वाट काढू नये. बिनकठड्याच्या विहिरी आणि प्लास्टिक अंथरलेली शेततळी यांच्या आसपासचा भाग नकाशावर लाल रेघेने बाद करावा. शेततळ्याच्या निसरड्या काठावरून आत घसरलेल्या मुलाला पोहता येत असले तरी बाहेर येणे कठीण जाते. बेवारस डब्याची लोकांना धास्ती वाटते, त्यामुळे डबा पारदर्शक असावा, त्यावर पथकाचे नाव व खेळाचा उल्लेख मराठीत लिहावा आणि सरपंच व पोलीस पाटील यांना आदल्या दिवशी कळवावे. डब्यात खाऊ ठेवू नये, मुंग्या आणि उंदीर तो मुलांच्या आधी शोधतात.

स्थान नोंदवताना घाई करू नये. मोकळ्या आकाशाखाली चांगला मोबाइल साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतो, पण वडाच्या दाट सावलीत किंवा उंच भिंतीलगत चूक वाढते. थोड्या थोड्या वेळाने तीन वेळा नोंद घेऊन सरासरी काढावी आणि दशांशाचे पाच अंक लिहावेत, कारण अक्षांशाच्या चौथ्या दशांश अंकात एकाची चूक झाली तरी माणूस सुमारे ११ मीटर दूर जातो. हा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा.

शोधाच्या वेळी संघाकडे एकच मोबाइल असावा व तो संघनायकाने आळीपाळीने प्रत्येकाच्या हाती द्यावा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण नकाशा आदल्या दिवशी उतरवून घ्यावा लागतो. डब्यापासून सुमारे ३० मीटर अलीकडे मोबाइल खिशात जावा आणि पुढचा शोध होकायंत्र व पावलांच्या मापाने व्हावा; त्यासाठी लपवणाऱ्या संघाने ठळक दगड किंवा झाडापासूनची दिशा आणि पावले चिठ्ठीवर लिहून द्यावीत. आपल्या भागात खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर (होकायंत्राची सुई दाखवते ती) यांतला फरक एका अंशाहूनही कमी असल्याने दुरुस्तीची गरज पडत नाही, पण मोबाइल, चाकू किंवा लोखंडी फाटक यांच्याजवळ होकायंत्र वाचू नये. पाच जणांचे पाच कोन येतात, आणि कोणाचा बरोबर यावर वाद झाला तर तो होऊ द्यावा.

काठीने चाचपल्याशिवाय कोणीही कपारीत हात घालू नये. आपल्याकडे घोणस, फुरसे व विंचू दगडांतही असतात. म्हणून डबाही बिळात किंवा दगडांखाली लपवू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, उन्हाळ्यात मात्र सकाळी नऊच्या आत खेळ आटोपावा.

ज्या संघाने डबा लपवला त्यानेच तो संध्याकाळी उचलावा, वाटेतला कचराही पिशवीत घ्यावा. कायमचा डबा जिओकॅशिंगच्या अधिकृत संकेतस्थळावर नोंदवायचा मोह होतो. तिथे दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागते आणि डब्याची देखभाल लपवणाऱ्यावर असते, म्हणजे परीक्षा आणि उन्हाळी सुट्टीतही कोणीतरी जाऊन ओली वही बदलली पाहिजे. असे करणारा रोव्हर (वयाने मोठा स्काउट) गावात राहत असेल तरच कायमचा डबा ठेवावा.