रिमोटवर काळी स्क्रीन? आधी घरचं सेशन बघा

सकाळी घरच्या उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) लॉगिन करून स्क्रीन नुसती लॉक केली, म्हणजे ते सेशन (लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचं काम) उघडंच राहिलं. दुपारी ऑफिसातून एक्सआरडीपीने (दुरून डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्राम) त्याच वापरकर्त्याच्या नावाने आत जायला गेलो, तर काळी खिडकी उघडून लगेच मिटली. यावर ठरलेला सल्ला येतो: एक्सआरडीपी काढून परत टाका. मी दोनदा टाकलं, वेळ गेला. एका वापरकर्त्याला सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) युजर मॅनेजर आणि डी-बस (प्रोग्राम एकमेकांशी बोलतात तो मार्ग) एकेकच मिळतात; पहिल्या ग्नोमने, म्हणजे घरी उघड्या राहिलेल्या डेस्कटॉपने, ते धरून ठेवलेत, दुसरा ग्नोम उभा राहणार कशावर? घरी आणि रिमोटवर वापरकर्ते वेगळे असतील तर हा घोळ होत नाही.

एसएसएचने (दुरून नुसत्या टर्मिनलवर लॉगिन) आत या. 'लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स' चालवा, उघड्या सेशन्सची यादी येईल.

आता सावकाश. यादीत चार-पाच ओळी दिसतात आणि हात शिवशिवतात. ज्या ओळीत तुमचं नाव, सीटच्या रकान्यात 'सीट०' आणि पुढे बहुधा 'टीटीवाय२', ते घरच्या मॉनिटरवरचं सेशन. सीट रिकामी असलेली ओळ तुमच्या एसएसएचची असू शकते, तिला हात लावू नका. जीडीएमच्या (लॉगिन दाखवणारा प्रोग्राम) नावाची ओळ म्हणजे लॉगिनचा पडदा. सिस्टमडी २५६ पासून, म्हणजे २०२४च्या मध्यापासून, 'मॅनेजर' वर्गाची एक जादा ओळही दिसते. ते कुणाचं चोरटं लॉगिन नव्हे.

घरच्या सेशनच्या ओळीतला सेशन नंबर सापडला की 'लॉगिनसीटीएल'ला 'सेशन-स्टेटस' आणि तो नंबर देऊन आत काय चाललंय ते वाचा. लिब्रेऑफिस उघडं दिसलं तर थांबा, न साठवलेलं काम जाईल. स्थिती 'क्लोजिंग' असेल तर लॉगआउट झालंय, एखादी प्रोसेस मागे रेंगाळतेय.

मग ते सेशन बंद करायला तसंच 'टर्मिनेट-सेशन' आणि नंबर. 'टर्मिनेट-युजर' नव्हे! मी घाईत तेच मारलं होतं: त्या नावाची सगळी सेशन्स गेली, माझं एसएसएचही, आणि त्यात तीन तास चाललेली फाइलींची कॉपीसुद्धा. जीडीएम रीस्टार्ट करा म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका, त्याच मशीनवर भावाचं सेशन उघडं असेल तर तेही उडतं.

'किलयुजरप्रोसेसेस' (लॉगआउट होताच मागे उरलेल्या प्रोसेस मारणारी सेटिंग) चालू करायचा उपाय मला पटत नाही. त्याने टीमक्सही (टर्मिनलमधलं काम मागे चालू ठेवणारा प्रोग्राम) मरतो. मी रिमोटसाठी वेगळा वापरकर्ताच केलाय.