लारेसच्या वाटेने ओयांतायताम्बो: केचुआ गावांतून जाणाऱ्या ट्रेकची तयारी

पेरूमधील ट्रेक म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर माचू पिक्चूला जाणारा इंका ट्रेल येतो; परंतु त्या वाटेवर वाटाडे आणि हमाल धरून दिवसाला ५०० जणांनाच प्रवेश मिळतो, परवाने काही महिने आधीच संपतात आणि फेब्रुवारीत ती वाट बंदच असते. लारेसच्या वाटेला असा परवाना लागत नाही. लारेस या गावापासून निघून वाकावासी, पाताकांचा आणि विल्योक या केचुआ, म्हणजे इंकांची भाषा बोलणाऱ्या लोकांच्या वस्त्यांमधून तिसऱ्या दिवशी ओयांतायताम्बो या इंकाकालीन नगरात उतरता येते, आणि तेथून रेल्वेने माचू पिक्चू गाठता येते. वाटेत प्राचीन अवशेष फारसे लागत नाहीत; ते शेवटी, एकदम भेटतात. ज्याला दर तासाला एक पडका वाडा पाहावयाचा आहे, त्याने ही वाट धरू नये. मात्र इंकांची भाषा, शेती आणि विणकाम आजही ज्यांच्या घरात चालू आहे, त्या माणसांना भेटून मग त्या भिंतींपुढे उभे राहावयाचे असेल, तर माझ्या मते याहून चांगली वाट नाही.

या ट्रेकची खरी कसोटी चढाची नसून उंचीची आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. कुस्को शहराच्या विमानतळावर उतरताच आपण सुमारे ३,३०० मीटरवर असतो आणि ट्रेकमधील इप्सायकोचाची खिंड साधारण ४,४५० मीटरवर आहे. सह्याद्रीत दर रविवारी भटकणाऱ्याचे पाय तयार असतात, पण विरळ हवेची सवय पायांच्या बळावर होत नाही. उलट असा माणूस पहिल्याच दिवशी झपाट्याने चालतो आणि संध्याकाळी डोके धरून बसतो. म्हणून कुस्कोमध्ये मुक्काम न करता विमानतळावरून थेट उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यात उतरावे आणि ओयांतायताम्बोसारख्या, सुमारे २,८०० मीटरवरील गावात किमान दोन रात्री काढाव्यात. कुस्को शहर परतीच्या वेळी पाहावे. या दोन दिवसांत मद्य टाळावे, पाणी भरपूर प्यावे आणि हलका आहार घ्यावा. उंचीच्या त्रासावरचे डायमॉक्स हे औषध घ्यावयाचे असल्यास ते डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास ती आधी सांगून घ्यावे. डोकेदुखी, मळमळ व निद्रानाश ही लक्षणे वाढू लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्याजागी धाप लागू लागली, तर लपवू नये आणि वाट न पाहता खाली उतरावे.

तेथे सर्वत्र कोकाच्या पानांचा चहा मिळतो, तो खुशाल प्यावा. पेरूमध्ये तो कायदेशीर आहे. परंतु पाने किंवा त्या चहाच्या पुड्या आठवण म्हणून बॅगेत टाकू नयेत, कारण भारतात कोकाचे पान १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येते. कागदपत्रांबाबत आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. पेरू हा पीतज्वराचा देश मानला जात असल्याने भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र विचारले जाते. ही लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्यावी.

पावसाचा विचार करता मे ते सप्टेंबर हे महिने उत्तम. आकाश निरभ्र असते, पण जून-जुलैत उंचावर रात्री पारा शून्याखाली जातो आणि दुपारचे ऊन कातडी सोलते. उबदार स्लीपिंग बॅग, कानटोपी, हातमोजे, काठ्या, सनस्क्रीन आणि चांगला रेनकोट एवढे असले की पुरे. मोठे सामान घोड्यांवर जाते, पाठीवर फक्त दिवसभराची पिशवी राहते.

कंपनी निवडताना किमतीआधी माणसांविषयी विचारावे. वाटाड्याकडे अधिकृत ओळखपत्र आहे का आणि त्याला केचुआ बोलता येते का, हा पहिला प्रश्न. केवळ स्पॅनिश-इंग्रजी बोलणारा वाटाडा असला तर गावात आपण मुकेच राहतो. घोडेवाले, ज्यांना तेथे अरिएरो म्हणतात, ते वाटेवरच्याच गावांतील आहेत का, त्यांच्या झोपण्या-जेवण्याची सोय कोण करते, कोणी आजारी पडल्यास मोकळा घोडा आणि प्राणवायूची नळकांडी सोबत असते का, हेही विचारावे. फार घासाघीस करून मिळवलेली सूट बहुधा अरिएरोच्या मजुरीतूनच कापली जाते. शाकाहारी मंडळींनी एक खबरदारी घ्यावी: तेथे ‘कार्ने’ म्हणजे बहुधा गोमांस, त्यामुळे नुसते ‘सिन कार्ने’ म्हटले तर कोंबडीचे सूप पुढे येऊ शकते. ‘सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे कोंबडी नको, मासा नको, असे वेगळे सांगावे.

पहिल्या दिवशी गाडी काल्का या बाजारगावातून लारेसकडे जाते. काल्काच्या बाजारात थांबून पाव आणि फळे घ्यावीत. वर बटाट्याखेरीज फारसे काही पिकत नाही, त्यामुळे भेट म्हणून पाव आणि संत्री यांना खरी किंमत असते. मुलांना गोळ्या-चॉकलेटे देऊ नयेत; दंतवैद्य तेथे जवळ नसतो, आणि वाटेवर हात पसरण्याची सवय लागते ती वेगळीच. वह्या-पेन्सिली द्यावयाच्या असतील तर शाळेत शिक्षकांच्या हाती द्याव्यात.

घरात बोलावले तर ‘अल्यिल्यान्चू’ म्हणून क्षेम विचारावे आणि निघताना ‘सुल्पायकी’ म्हणून आभार मानावेत. वडीलधाऱ्या स्त्रीला ‘मामाय’ आणि पुरुषाला ‘तायताय’ म्हणतात. मराठी कानाला यातले काहीच परके वाटू नये. आत अंधार, चुलीचा धूर, आणि डोळे सरावले की पायांशी तुरुतुरु पळणारे गिनीपिग दिसतात. ते पाळीव लाडके नव्हेत, सणाचे जेवण आहे. चेहरा वाकडा करू नये. ढेकळे रचून केलेल्या भट्टीत बटाटे भाजून मिळाले तर ते सालीसकट खावेत. शेतात पायाने रोवावयाचा लांब दांड्याचा नांगर, चाकिताक्या, अजूनही चालताना दिसेल. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, या रीतीला ते ‘आय्नी’ म्हणतात. आपल्याकडच्या सावडीची ओळख असलेल्याला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

विणकाम पाहण्यास मात्र निवांत वेळ ठेवावा. स्त्री जमिनीवर बसते, तान्याचे एक टोक खुंटीला आणि दुसरे कमरेच्या पट्ट्याला बांधते, आणि मागे रेलून किंवा पुढे झुकून स्वतःच्या शरीरानेच धागे ताणते वा सैल करते. लामाच्या हाडाच्या टोकदार तुकड्याने ती नक्षीचे धागे उचलते आणि ठोकून बसवते. निवडुंगावरचे कोचिनील किडे तळहातावर चिरडले की गडद लाल रंग उतरतो, आणि त्यावर लिंबू पिळले की पाहता पाहता तो नारिंगी होतो. हातभर पट्टा विणण्यास कित्येक दिवस लागतात, म्हणून तुळशीबागेतली घासाघीस येथे करू नये. फोटो विचारूनच काढावा आणि सुट्टे सोल, म्हणजे पेरूचे चलन, जवळ ठेवावेत.

दुसऱ्या दिवशी खिंड. पहाटे लवकर निघावे, श्वास मोजत अगदी लहान पावले टाकावीत आणि बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे. माथ्यावर प्रवाशांनी रचलेल्या दगडांच्या राशी दिसतात. तेथे वाटाडे कोकाची तीन पाने बोटांत धरून त्यांवर फुंकर घालतात आणि भोवतालच्या पर्वतदेवतांना, म्हणजे ‘आपूं’ना, अर्पण करतात. त्या वेळी कॅमेरा खाली ठेवावा.

खाली इप्सायकोचा तळे, मग पाताकांचा आणि विल्योक, जेथील लाल पोशाख दुरूनच ओळखू येतो. तेथून बहुतेक जण गाडीने उतरतात. गुडघे साथ देत असतील तर खोऱ्यातील पुमामार्का हे इंकांचे ठाणे पाहून पायीच ओयांतायताम्बोला यावे.

ओयांतायताम्बोचा तटबंदीचा डोंगर सकाळी दार उघडताच चढावा, कारण पुढे बसगाड्यांची गर्दी लोटते. इंका राजा मांको इंकाने १५३७ च्या सुमारास खालच्या मैदानात नदीचे पाणी सोडून स्पॅनिश सेनानी एर्नांदो पिसारोच्या घोडदळाला येथूनच मागे हटवले होते. माथ्यावर गुलाबी दगडाच्या सहा प्रचंड शिळा उभ्या आहेत. त्या नदीपलीकडच्या काचिकाता खाणीतून आणल्या. माचू पिक्चूच्या तिकिटावर प्रवेशाची वेळ आणि मार्ग ठरलेला असतो व मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, म्हणून ते आधीच काढून त्याच हिशेबाने रेल्वेची वेळ ठरवावी. पण ती अशी ठरवावी की काचिकाताकडे जाण्यास अर्धा दिवस उरेल. त्या वाटेवर अर्ध्यातच सोडून दिलेल्या शिळा पडल्या आहेत. गावकरी त्यांना ‘थकलेले दगड’ म्हणतात.