एमीचे अंदाज: आवड एका रकान्यात, मतदार दुसऱ्यात

एमी म्हणजे अमेरिकी टेलिव्हिजनचे मोठे वार्षिक पुरस्कार. त्यांचा अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा एकाच जागी. आपण मालिकेला गुण देत बसतो आणि निकाल लावतो मतदार. हा मतदार म्हणजे टेलिव्हिजन अ‍ॅकॅडमीचा सभासद. असे वीस हजारांहून जास्त आहेत आणि सगळे याच धंद्यातले: अभिनेते, लेखक, संकलक, वेशभूषाकार, निर्माते. ऑगस्टच्या उत्तरार्धात, शूटिंगच्या धबडग्यातून वेळ काढून, पुढ्यात आलेल्या यादीत तो एका नावावर खूण करतो. त्याने सगळं पाहिलेलं असेलच असं नाही. त्याच्या डोक्यात त्या क्षणी काय ताजं आहे, कोणाबद्दल आपुलकी आहे, कोणाला देऊन झालंय, हे ओळखायचं.

म्हणून वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये पहिल्याच दिवशी दोन रकाने आखा: ‘मला आवडलं’ आणि ‘मिळेल’. पहिला रकाना मनसोक्त भरा, तिथे कोणाचं ऐकू नका. एकदा तो राग-लोभ कागदावर उतरला की दुसऱ्या रकान्यात डोकावायची त्याची सवय सुटते. दोन्ही रकाने प्रत्येक विभागात एकसारखेच दिसू लागले, तर तुम्ही अंदाज बांधत नाही, इच्छा व्यक्त करताय.

आधी तारखा

एमीचं वर्ष 1 जूनला सुरू होतं आणि पुढच्या 31 मेला संपतं. सर्वात स्वस्तात होणारी चूक इथलीच. ‘द बेअर’चा चौथा सीझन 25 जून 2025 ला आला. सप्टेंबर 2025 चा सोहळा त्यानंतरचा, तरी तो सीझन त्यात नव्हता. तो 2026 च्या खात्यात गेला. त्यामुळे यादी करताना प्रत्येक नावापुढे पहिल्या आणि शेवटच्या एपिसोडची तारीख लिहा. फक्त ‘यंदाची मालिका’ एवढं लिहिलंत की घोळ झालाच म्हणून समजा.

दुसरा सापळा हिवाळ्यातल्या पुरस्कारांचा. गोल्डन ग्लोब जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरतात. जानेवारी 2025 मध्ये ‘शोगुन’ने ग्लोब जिंकला, पण त्या सीझनच्या एमी सप्टेंबर 2024 मध्येच वाटून झाल्या होत्या. 2025 च्या एमीत ‘शोगुन’ मुळात नव्हतीच. ग्लोबचा विजेता डोळे झाकून उचलणाऱ्यांची दरवर्षी अशी फसगत होते. ग्लोब, क्रिटिक्स चॉइस, अभिनेत्यांच्या संघटनेचे पुरस्कार या सगळ्यांपुढे एकच प्रश्न लिहा: हा सीझन एमीसाठी शिल्लक आहे का? नसेल तर तो निकाल फक्त मागचा पडसाद.

2025 चं वेळापत्रक नमुन्यादाखल पाहा. नामांकनांचं मतदान 12 ते 23 जून, नामांकनं 15 जुलैला, अंतिम मतदान 18 ते 27 ऑगस्ट, मुख्य सोहळा 14 सप्टेंबर. त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी क्रिएटिव्ह आर्ट्सचे (ध्वनी, छायाचित्रण, कास्टिंग, पाहुणे कलाकार अशा विभागांचे) दोन सोहळे. दिवस थोडे इकडेतिकडे होतात, क्रम तोच राहतो.

कोण कुठल्या विभागात

विभाग निर्माते ठरवतात, आपली समज नाही. ‘शोगुन’ लिमिटेड सिरीज, म्हणजे एकाच सीझनमध्ये गोष्ट संपवणारी मालिका, म्हणून आली होती. मे 2024 मध्ये पुढच्या सीझनची बोलणी जाहीर झाली आणि ती ड्रामात सरकली. एका रात्रीत दोन विभागांचं गणित पालटलं, आणि ड्रामातल्या तिच्या सीझनने 18 एमी घेतल्या, एका वर्षातला तोवरचा सर्वोच्च आकडा. ‘द व्हाइट लोटस’चा पहिला सीझन लिमिटेडमध्ये लढला, दुसऱ्यापासून ड्रामात. ‘द बेअर’ला कॉमेडी म्हणावं का, यावर कितीही घसा कोरडा करा, ती कॉमेडीतच दाखल होते आणि तिथेच मोजावी लागते. (खरं सांगायचं तर तिच्यातलं रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर पाहून हसू कमी आणि रक्तदाब जास्त वाढतो.)

पाहुण्या कलाकाराचा नियमही पाठ असावा: सीझनच्या निम्म्याहून कमी एपिसोडांत दिसला तरच तो ‘गेस्ट’. जूनमध्ये अ‍ॅकॅडमी संपूर्ण मतपत्रिका खुली करते. तुमच्या यादीतलं प्रत्येक नाव तिच्याशी ताडून घ्या. आवडत्या नटाने नाव सहायक विभागात दिलंय आणि तुम्ही त्याला मुख्य विभागात धरून बसलाय, हे जुलैत कळण्यात काही मौज नाही.

नामांकनं भरताना

ड्रामा आणि कॉमेडी मालिकांना प्रत्येकी 8 जागा, लिमिटेडला 5. अभिनयाच्या विभागांत जागा दाखल झालेल्या नावांवर ठरतात: 20 ते 80 नावं असतील तर 5, 81 ते 160 ला 6, 161 ते 240 ला 7, त्यापुढे 8. या फेरीत अभिनेते अभिनेत्यांना निवडतात, लेखक लेखकांना. मालिकेसाठी मात्र सगळे.

सुरुवात मागच्या वर्षीच्या नामांकितांपासून करा. त्यातल्या ज्यांचा नवा सीझन मुदतीत आलाय त्यांना आधी बसवा, कारण एमीचा मतदार सवयीचा माणूस आहे. एकदा आत आलेल्याला तो सहजी बाहेर काढत नाही. जीन स्मार्टला ‘हॅक्स’साठी 2021, 2022, 2024 आणि 2025 अशा चारही वेळी मुख्य अभिनेत्रीची एमी मिळाली, मधलं वर्ष सुटलं ते नवा सीझन नव्हता म्हणून. मग उरलेल्या दोन-तीन जागांवर नवी नावं लढवा. नवख्यांची गर्दी करायचा मोह होतो, कारण तीच मालिका आपण हल्ली पाहत असतो.

मोठ्या मालिकेच्या मागून तिचे सहायक कलाकार वाहत येतात, हेही लक्षात ठेवा. मतदाराला सहावं-सातवं नाव आठवत नसलं की तो आवडत्या मालिकेतलंच आणखी एक नाव टिपतो. ‘द व्हाइट लोटस’च्या बाबतीत हे इतकं घडलंय की सहायक अभिनेत्रीचा विभाग भरताना तिच्यासाठी तीन जागा आधीच राखून ठेवाव्यात.

अंतिम फेरी: इथेच खरा खेळ

अंतिम फेरीत प्रत्येकाला एका विभागात एकच मत. पसंतीक्रम नाही, दुसरी पसंती नाही. ज्याला सर्वाधिक मतं, तो जिंकला. आता हिशेब करा: सात नामांकित असतील आणि मतं सारखी विखुरली, तर 14 टक्क्यांच्या किंचित वर गेलेलाही जिंकू शकतो. निम्म्या मतदारांना पसंत असण्याची गरजच नाही.

2025 चा ड्रामा सहायक अभिनेत्री विभाग समोर ठेवा. सात नावं: कॅरी कून, पार्कर पोझी, नताशा रॉथवेल, एमी लू वुड, पॅट्रिशिया आर्केट, ज्युलिअन निकल्सन आणि कॅथरिन लानासा. पहिल्या चौघी ‘द व्हाइट लोटस’च्या. बहुतेकांची नजर त्या चौघींवर, वाद फक्त कोणती एवढाच. जिंकली ‘द पिट’ची लानासा. त्या मालिकेची चाहती मंडळी एका नावावर एकवटली, लोटसवाली चौघींत विभागली.

पण यावरून ‘एकाच मालिकेची जास्त नावं म्हणजे पराभव’ असा नियम काढलात तर पुढच्या वेळी आपटाल. जानेवारी 2024 मध्ये झालेल्या 75 व्या एमीत याच विभागात लोटसच्या पाचजणी होत्या आणि जेनिफर कूलिज आरामात जिंकली. ‘सक्सेशन’चे तिघे मुख्य अभिनेत्यांत होते, तिथे कीरन कल्किन जिंकला. फरक इतकाच, की त्या दोन्ही वेळी मालिकेच्या चाहत्यांना आपलं माणूस कोण हे ठाऊक होतं. तेव्हा परीक्षा सोपी आहे: त्या मालिकेच्या पाच चाहत्यांना ‘एकच नाव सांग’ म्हणा. चार जणांनी तेच नाव सांगितलं तर फूट विसरा. पाच जणांची चार उत्तरं आली तर बाहेरच्या उमेदवाराचे टक्के वाढवा.

नामांकनांच्या आकड्याला किती भुलायचं? थोडंच. 2025 मध्ये ‘सेव्हरन्स’कडे सर्वाधिक 27 नामांकनं होती, ड्रामा मालिकेची एमी ‘द पिट’ घेऊन गेली. नामांकनांत ध्वनी, छायाचित्रण, नेपथ्य अशा विभागांची भर असते आणि देखण्या मालिकेला तिथे मुबलक मिळतं. सर्वोत्तम मालिकेला मात्र सगळे मिळून मत देतात. ‘द पिट’ रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागातली एकच पाळी पंधरा एपिसोडांत तासातासाने दाखवते. पहिले दोन एकदम, मग जानेवारीपासून एप्रिलपर्यंत दर आठवड्याला एक, म्हणजे सुमारे तीन महिने ती लोकांच्या तोंडी होती. शिवाय ती बर्बँकच्या सेटवर चित्रित होते, आणि लॉस एंजेलिसमध्ये काम कमी झाल्याची ओरड असताना तिथल्याच मतदाराला हे दिसत असणारच. मतपत्रिकेवर छापलेली नसतात अशी कारणं, पण मोजावी लागतात. आमच्या मते ‘सेव्हरन्स’ची रचना जास्त धाडसी, ते वाक्य पहिल्या रकान्यात.

मतदानाच्या दिवसांत हवा कोणाची, हे पाहायचं तर 2024 ची कॉमेडी उघडून बघा. ‘द बेअर’कडे 23 नामांकनं, कॉमेडीतला तेव्हाचा विक्रम. मतदान दुसऱ्या सीझनवर होतं, पण जूनअखेरीस तिसरा सीझन येऊन गेला होता आणि त्याने बऱ्याच जणांचा हिरमोड केला होता. ऑगस्टमध्ये खूण करणाऱ्याच्या डोक्यात तिसराच सीझन घोळत असणार. ‘हॅक्स’चा तिसरा सीझन मे महिन्यात संपलेला, ताजा, गोड आठवणीचा. ‘द बेअर’ने त्या वर्षी 11 एमी घेतल्या आणि सर्वोत्तम कॉमेडी ‘हॅक्स’ला गेली. मतदानाआधी नवा सीझन आलेल्या प्रत्येक मालिकेपुढे म्हणून फुली किंवा बरोबरची खूण करा: नव्या सीझनने जुन्याला हात दिला की पाय ओढला?

निरोपाच्या सीझनबद्दलही हातचं राखून बोला. ‘शिट्स क्रीक’ने 2020 मध्ये जाता जाता कॉमेडीतले सातही प्रमुख पुरस्कार नेले. उलट ‘बेटर कॉल सॉल’ 53 नामांकनांनंतर एकही एमी न घेता संपली. निरोपाची हवा आधीच विजेती असलेल्याला किंवा मतदार आधीच प्रेमात असलेल्याला लागते. वर्षानुवर्षं ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून ठेवलेल्याला क्वचितच.

शेवटचा आठवडा

क्रिएटिव्ह आर्ट्सचे निकाल मुख्य सोहळ्याच्या आधी हाती येतात आणि त्यांतला कास्टिंगचा पुरस्कार सर्वात बोलका. 2025 मध्ये ड्रामाचं कास्टिंग ‘द पिट’, कॉमेडीचं ‘द स्टुडिओ’ आणि लिमिटेडचं ‘अ‍ॅडोलेसन्स’ला मिळालं, आठवड्याने मालिकांचे तिन्ही मोठे पुरस्कार त्याच तिघींना. पाहुण्या अभिनेत्याची एमीही ‘द पिट’च्या शॉन हॅटोसीला गेली होती. एवढी दोन चिन्हं एका दिशेला दिसली की ड्रामाचे टक्के हलवायला हरकत नव्हती. मतदान तोवर बंद झालेलं असतं, म्हणजे हे निकाल कोणाचं मन वळवत नाहीत. एकाच ऑगस्टमध्ये टाकलेल्या मतांचा तुकडा आधी उघडतो, इतकंच.

टक्के म्हणालो ते शब्दशः घ्या. प्रत्येक विभागात एक नाव लिहून थांबू नका, 100 टक्के वाटा. वर पाहिलेल्या सहायक अभिनेत्रीच्या विभागात समजा तुम्ही कूनला 40, पोझीला 20, लानासाला 15, आर्केटला 10 आणि उरलेल्या तिघींना 5-5 दिले. जिंकली लानासा. जिंकणारीचा खरा आकडा 1 आणि बाकीच्यांचा 0 धरून प्रत्येक नावाच्या चुकीचा वर्ग करा आणि बेरीज मांडा: लानासाचा 0.85 चा वर्ग 0.7225, कूनचा 0.16, पोझीचा 0.04, आर्केटचा 0.01, तिघींचे मिळून 0.0075. एकूण 0.94. ज्याने कूनला 90 आणि लानासा-पोझीला 5-5 देऊन छाती ठोकली त्याची बेरीज 1.715. दोघांचंही पहिलं नाव चुकलं, पण दुसऱ्याचा अंदाज कितीतरी वाईट होता. बेरीज जितकी कमी तितकं बरं. विभागवार ठेवलीत तर दोन-तीन वर्षांत कळतं की तुम्ही कॉमेडीत फाजील आत्मविश्वासाने बोलता की लिमिटेडमध्ये.

क्रिएटिव्ह आर्ट्सची दुसरी रात्र संपली की पत्रक एकदाच दुरुस्त करा, खाली तारीख-वेळ लिहा आणि प्रत दुसरीकडे ठेवा. सोहळ्याच्या दुपारी लाल गालिच्यावरचे हसरे चेहरे पाहून बदललेला आकडा हिशेबात धरू नका.