पेटीवरून पियानोकडे येताना

पेटी येणाऱ्याला पियानो सोपा जातो, असं सगळेच सांगतात. ते निम्मं खरं आहे. कान तयार असतो, पट्ट्या ओळखीच्या असतात, उजवा हात पळतो. डाव्या हाताला मात्र भाता मारण्यापलीकडे काही ठाऊक नसतं, आणि पियानोचं घोडं तिथेच अडतं. मी नागपूरच्या महाल भागात भजनांना, भावगीतांना पेटीची साथ करत आलो. पियानो शिकायला तिथल्याच सदर भागात जाऊ लागलो तेव्हा वर्गातली सगळी पोरं मला ‘काका’ म्हणायची. नागपुरात असे आणखी काका, काकू आणि पेटीच्या क्लासला जाणारी मुलंही पुष्कळ असतील, म्हणून हे लिहितोय.

आधी पट्ट्या. पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. पेटीची तीन-साडेतीन सप्तकं, इथे सातांहून जास्त. घाबरू नका, काळ्या पट्ट्यांचा दोन-तीन, दोन-तीन हा क्रम तोच आहे. दोनांच्या गटाला लागून डावीकडे असलेली पांढरी म्हणजे सी, आपली पांढरी एक. पुढे डी, ई, एफ, जी, ए, बी. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन म्हणजे डी शार्प. डावीकडून चौथा सी हा ‘मिडल सी’. वाचायला शिकताना सुरुवात तिथूनच होते.

गोंधळ होतो तो ‘सा’चा. गायकाने काळी दोन सांगितली की आपला सा तिथे बसतो, काळी चार सांगितली की तिथे. पियानोच्या कागदावर सी म्हणजे कायम सीच. सी मेजर स्केल, म्हणजे सीपासूनचं शुद्ध सप्तक, सुरू असेपर्यंत मनातल्या मनात सरगम म्हणून निभावतं. जी मेजर आली की डोळ्यांना एफ शार्प दिसतो, मन त्याला शुद्ध नी म्हणतं आणि बोट तिसरीकडेच पडतं. यावर मला लागू पडलेला उपाय सांगतो: वाचताना इंग्रजी अक्षरंच म्हणायची, तुकडा हाताला बसला की मग हवी तितकी सरगम लावायची.

दुसरा मोठा फरक आवाजाचा. पेटीवर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज ठरतो भात्यावर. पियानोत पट्टी ज्या वेगाने खाली जाते त्या वेगाने आतला हातोडा तारेवर आपटतो. सन १७०० च्या आसपास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने हे यंत्र बनवलं. त्याआधीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जायची, त्यामुळे बोटाच्या जोराने आवाज फारसा कमी-जास्त करता येत नसे. आपण पेटीवाले पहिल्या दिवसापासून सगळे सूर एकाच जोराने ठोकतो, कारण बोटांना ती जबाबदारी कधी मिळालेलीच नसते. एकच सूर घ्या, अगदी हळू ते जोरात आणि परत हळू वाजवा. कंटाळवाणं आहे, पण ते चुकवून पुढे जाता येत नाही.

आणखी एक. पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर टिकतो, पियानोचा वाजल्या क्षणापासून विरत जातो. म्हणून उजवं पेडल असतं; ते दाबलं की तारा दाबून धरणारे डॅम्पर उचलले जातात. नवशिक्याला हे पेडल इतकं आवडतं की पाय उचलवत नाही, आणि चार कॉर्ड (एकदम वाजवलेल्या सुरांचे गट) एकमेकांत कालवले जातात. कॉर्ड बदलला की पेडल सोडून पुन्हा घ्यायचं. पहिले दोन-तीन महिने पेडलला पाय न लावलेलाच बरा, असं माझं मत. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मात्र इथेही नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून पुढे तीसेक वर्षं पेटीला दूर ठेवलं, त्यामागे हाही एक आक्षेप होता. पियानोवर तो तितकाच लागू पडतो, तेव्हा त्यावर यमन आळवायची हौस जरा आवरा.

आता डावा हात. बोटांना आकडे असतात: दोन्ही हातांचा अंगठा १, करंगळी ५. सी मेजर, म्हणजे आपला बिलावल, उजव्या हाताने चढताना १-२-३ होतात आणि अंगठा बोटांखालून सरकून ‘म’वर येतो. डावा हात करंगळीपासून सुरू होतो, अंगठा ‘प’वर पोचतो आणि मग मधलं बोट अंगठ्यावरून पलीकडे ‘ध’वर पडतं. दोन्ही हातांची वळणं वेगवेगळ्या सुरांवर असल्यामुळे एकत्र वाजवायला गेलं की हमखास अडखळायला होतं. सरांनी मला ते सोडायला लावलं आणि उलट्या दिशेचं दिलं. दोन्ही अंगठे मिडल सीवर ठेवायचे. उजव्याने आरोह, डाव्याने अवरोह. आता दोन्ही हातांत एका वेळी एकच आकडा येतो आणि वळणही एकदमच येतं. मेट्रोनोम, म्हणजे टकटक करत लय दाखवणारं यंत्र, ६० वर लावून रोज वीस मिनिटं हेच करा. रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा हे बरं. तबल्याच्या अ‍ॅपवर संथ तीनताल लावलात तरी चालेल, फक्त ठेक्याबरोबर झुलायचं नाही.

त्यानंतर कॉर्ड. सा-ग-प, म-ध-सां, प-नी-रें हे तीन डाव्या हाताला बसले की कितीतरी सोपी गाणी उभी राहतात. इथे कान तुमच्या कामाला येतो; बदल कुठे हवा ते तुम्हाला पोरांच्या आधी कळतं. वाचनात मात्र पोरं पुढे जातात. दोन्ही हातांसाठी पाच-पाच रेघा असतात, वरच्या साधारण उजव्याच्या, खालच्या डाव्याच्या, आणि मिडल सी मधल्या जागेत छोट्या रेघेवर. रोज चार ओळी न थांबता वाचा, चुकलं तरी मागे जाऊ नका.

बसण्याचं थोडक्यात: मांडी घालून वाजवायची सवय मोडावी लागते. स्टुलाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पाय जमिनीवर टेकलेले, कोपर पट्ट्यांच्या उंचीला. नखं कापलेली.

वाद्य कुठलं घ्यावं? नागपूरपुरतं बोलायचं तर डिजिटल. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत, त्याच खोलीत कूलर लावला की दमट, जुलैत पाऊस. खऱ्या पियानोत दोनशेवर तारा असतात, आत लाकडाचा मोठा साउंडबोर्ड असतो, आणि ते लाकूड हवेबरोबर फुगतं-आकसतं. कोणी जुना पियानो स्वस्तात देत असेल तर ट्यून करणारा कुठून येणार आणि वर्षातून दोनदा येणार का, हे आधी विचारा. डिजिटलमध्ये ८८ पट्ट्या आणि खऱ्या पियानोसारख्या दाबायला जड, म्हणजे वजनदार पट्ट्या, या दोन गोष्टींवर तडजोड नको. यामाहा, कॅसिओ, रोलँड सगळ्यांकडे असे आहेत. खिशाला झेपत नसेल तर ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घ्या, पण जोर ओळखणारा हवा, नाहीतर ती विजेवरची पेटीच. कूलरच्या झोतात ठेवू नका. आणि हेडफोन घ्या. कूलरच्या घरघरीत हळू वाजवलेलं काही ऐकू येत नाही, मग हात आपोआप जोर लावतो.

परीक्षांबद्दल लोक फार विचारतात. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या दोन ब्रिटिश संस्थांच्या परीक्षा भारतात दिल्या जातात. इनिशियल आणि मग पहिली ते आठवी ग्रेड. गांधर्वच्या परीक्षा दिलेल्यांना वेगळेपण लगेच जाणवेल: इथे राग मांडायचा नसतो, ठरलेल्या रचना लिहिल्याबरहुकूम वाजवायच्या असतात. एबीआरएसएममध्ये सहावीला बसण्याआधी थिअरीची किंवा तिच्या जागी चालणारी पाचवी पास व्हावी लागते. ट्रिनिटीत तशी अट नाही. मोठ्या वयात शिकणाऱ्याने पहिल्या वर्षी परीक्षेच्या भानगडीत पडूच नये.

क्लास निवडताना दोन गोष्टी बघा. वर्गात वजनदार पट्ट्यांचं वाद्य आहे का, आणि पहिल्या महिन्यात डाव्या हाताचं वाचन घेतात का. नुसत्या कॉर्डची अक्षरं लिहून देऊन गाणी बसवून देणारे असतील, तर तेवढं काम तुम्ही घरच्या पेटीवरही करू शकता. त्यासाठी फी भरू नका.