क्यूएसएल कार्डं डीएक्ससीसीसाठी तपासून कशी घ्यावीत

हॅम रेडिओतल्या (हौशी रेडिओतल्या) डीएक्ससीसी पुरस्कारासाठी शंभर देशांशी संपर्क झाल्याचा पुरावा लागतो, आणि समोरचा तो पुरावा म्हणून जे पोस्टकार्ड पाठवतो ते क्यूएसएल कार्ड. नेमकं बोलायचं तर शंभर ‘एन्टिटी’, कारण यादीत सध्या ३४० नोंदी आहेत आणि त्यातल्या बऱ्याच नोंदी म्हणजे देश नव्हेत, बेटं आहेत. आपलाच भारत घ्या: मुख्य भूमी एक, अंदमान-निकोबार दुसरी, लक्षद्वीप तिसरी. एके काळी गोवाही या यादीत स्वतंत्र होता. पोर्तुगीज काळातल्या सीआर८ कॉलसाइनची (कॉलसाइन म्हणजे स्टेशनचं सांकेतिक नाव) कार्डं ३१ डिसेंबर १९६१ पर्यंतच्या संपर्कांसाठी ‘गोवा’ म्हणून मोजली जात, पुढे ती नोंद रद्द झाली. त्यामुळे आज तुम्ही म्हापशातून बोला नाहीतर मडगावातून, समोरच्याला तुम्ही फक्त भारत आहात.

लायसन्स, रिग (रेडिओ संच), अँटेना आणि हातात आलेली शंभर-सव्वाशे कन्फर्मेशन्स हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. प्रश्न असतो तो यापुढचा.

१. आधी संगणकावरचं उरका

लॉगबुक ऑफ द वर्ल्डवर, म्हणजे दोघांच्या लॉगमधल्या (संपर्कांच्या नोंदवहीतल्या) नोंदी ऑनलाइन जुळवणाऱ्या सेवेवर, जे जुळतं त्याचं कार्ड दाखवावं लागत नाही. भारतातून तिथलं पहिलं डिजिटल सर्टिफिकेट घेताना लायसन्सची प्रत आणि एक ओळखपत्र एआरआरएलला (हा पुरस्कार देणाऱ्या अमेरिकन हॅम संघटनेला) पाठवायचं, सर्टिफिकेट आलं की टीक्यूएसएल या सॉफ्टवेअरमध्ये लोड करायचं, बॅकअप फाइल पेनड्राइव्हवर ठेवायची आणि लॉग चढवायचा. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. संपल्यावर नाही, संपायच्या आधी नूतनीकरण करा.

इथे दोन गोष्टी सांभाळा. तुम्ही व्हीयू३ वरून (खालच्या वर्गाच्या लायसन्सवरून) व्हीयू२ (वरच्या वर्गाचे) झाला असाल तर जुन्या कॉलसाइनचं सर्टिफिकेट वेगळं घ्यायचं आणि त्याच्या तारखा लायसन्सप्रमाणे टाकायच्या. जुने संपर्क वाया जात नाहीत, एकाच एन्टिटीतून केलेले असले म्हणजे दोन्ही कॉलसाइनचे एकत्र मोजले जातात. दुसरी गोष्ट ग्रिडची, म्हणजे नकाशावरच्या तुमच्या चौकोनाच्या सांकेतिक क्रमांकाची. पणजी, म्हापसा, मडगाव हे एमके६५ मध्ये, तर ७४ अंश रेखांश ओलांडलं की फोंडा एमके७५ मध्ये. डीएक्ससीसी यामुळे अडत नाही, पण ग्रिड गोळा करणाऱ्या समोरच्याला तुम्ही चुकीचा चौकोन देता. मी फोंड्यात राहतो आणि सुरुवातीला एका मित्राचं बघून एमके६५ टाकलं होतं. जपानमधल्या एकाने अगदी अदबीने विचारलं, तेव्हा कुठे नकाशा उघडून बघितला.

ईक्यूएसएलवर (ऑनलाइन कार्डांच्या दुसऱ्या एका सेवेवर) हिरव्या खुणा दिसतात म्हणून खूश होऊ नका. तिथली कार्डं डीएक्ससीसीला चालत नाहीत. याउलट ‘आता सगळं ऑनलाइन झालं, कागदी कार्डं फेकून दे’ म्हणणारेही भेटतील. त्यांच्याकडे बहुधा एफटी८ चाच (संगणकावरून चालणाऱ्या डिजिटल मोडचाच) लॉग असतो. लहान बेटांवरचे, जुने सीडब्ल्यूवाले (मोर्सवाले), एकदाच आलेले डीएक्सपेडिशन (दुर्मिळ ठिकाणी जाऊन केलेल्या रेडिओ मोहिमा) यांतले कितीतरी आजही कागदावरच कन्फर्म करतात. ऑनलाइन क्रेडिट आणि कागदी कार्डं एकाच अर्जात एकत्र येतात, तेव्हा दोन्ही ठेवा.

२. कार्डांची छाननी

माझी पहिली खेप इथेच फसली, म्हणून या पायरीवर जरा जास्त लिहितो.

टेबल मोकळं करा, पंखा बंद करा. एकेक कार्ड घेऊन त्यावर या गोष्टी दिसतात का बघा: तुमचा कॉलसाइन, समोरच्याचा कॉलसाइन, तारीख, यूटीसीतली (जागतिक प्रमाणवेळेतली) वेळ, बँड किंवा फ्रिक्वेन्सी, मोड आणि एन्टिटीचं नाव. तुमच्या कॉलसाइनमध्ये एक अक्षर जरी चुकलं असेल तर ते कार्ड तुमचं नाहीच, दिसायला कितीही सुंदर असो. एन्टिटी नीट वाचा. एफओ (फ्रेंच पॉलिनेशियाचा कॉलसाइन) म्हटलं की कुणी ताहिती धरतो, पण मार्केसास आणि ऑस्ट्रल वेगळ्या नोंदी आहेत. सार्डिनिया वेगळी, सिसिली मात्र इटलीतच. मुरगाव बंदराबाहेर नांगर टाकलेल्या जहाजावरच्या हॅमशी गप्पा छान होतात, पण मॅरिटाइम मोबाइलचं कार्ड या पुरस्कारासाठी कामाचं नाही. रिपीटरवरून (सिग्नल पुढे पाठवणाऱ्या मधल्या केंद्रावरून) झालेला संपर्कही नाही.

आता वेळ. आपला लॉग यूटीसीमध्येच हवा. मी पहिले काही महिने घड्याळात बघून आपल्या वेळेने लिहीत होतो, ‘नंतर साडेपाच तास वजा करू’ म्हणून. पहाटे पोदेराची (पाववाल्याची) पों-पों ऐकू येईपर्यंत चाळीस मीटर बँडवर बसायचो. १४ तारखेच्या पहाटे सव्वातीन म्हणजे यूटीसीत १३ तारखेचे २१:४५. वेळ वजा केली, तारीख बदलायला विसरलो. माझी कार्डं गेली, उलट उत्तर आलं: ‘नॉट इन लॉग’. म्हणजे समोरच्याच्या नोंदीत मी नाहीच. समोरच्याचा लॉग बरोबर होता, चूक माझी. संगणकाच्या लॉगमध्ये नुसती तारीख एका दिवसाने घसरली की लॉगबुक ऑफ द वर्ल्डही जुळवत नाही, कारण वेळेत अर्ध्या तासापलीकडचा फरक तिथे चालत नाही. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतला प्रत्येक संपर्क पुन्हा तपासा. फक्त तेवढेच बघितले तरी निम्म्या चुका सापडतात.

पण त्याहून मोठी चूक मी केली ती पेनाने.

आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. जूनपासून चपला, पुस्तकं, चामड्याचा पट्टा, सगळ्यांवर बुरशी. माझी कार्डं बुटांच्या खोक्यात होती. ऑगस्टमध्ये उघडलं तर आठ-दहा कार्डं एकमेकांना चिकटलेली, आणि पॅसिफिकमधल्या एका बेटाच्या कार्डावर शाईने लिहिलेली तारीख पसरून गेलेली. ‘१५’ मधला पाच अर्धा पुसला होता. माझ्या लॉगमध्ये १५ होतंच. म्हटलं, खरं तेच तर लिहितोय. काळ्या जेल पेनाने तो पाच गिरवला.

कार्ड तपासणाऱ्याने ते उजेडात तिरकं धरलं, काही न बोलता बाजूला ठेवलं. मग म्हणाला, “अरे, तुझं खोटं नाही हे मला कळतंय. पण गिरवलेलं कार्ड मी घेऊ शकत नाही.” मी लॉग दाखवला, वाद घातला. त्याने शांतपणे पुढचं कार्ड उचललं. त्या बेटावरचा ऑपरेटर तोवर तिथून निघून गेला होता. एक पाच गिरवला आणि एक एन्टिटी गेली.

म्हणून सांगतो, आलेल्या कार्डावर काही म्हणजे काहीही लिहू नका. गिरवू नका, खोडू नका, चूक सुधारू नका, शिसपेन्सिलने कोपऱ्यात अनुक्रमांकसुद्धा टाकू नका. नोंद करायची असेल तर वेगळी चिठ्ठी घाला. छापील लेबल दमट हवेने सुटायला लागलं असेल तर गोंद लावायचा मोह आवरा, कार्ड तसंच पारदर्शक पिशवीत ठेवा. पुन्हा चिकटवलेलं लेबल म्हणजे संशयाला जागा. फेरफार केलेली कार्डं पाठवली म्हणून कार्यक्रमातून काढून टाकलेले लोक आहेत, आणि तिथे तुमचा हेतू कुणी विचारत बसत नाही. कार्डात चूक असेल तर उपाय एकच: ऑपरेटरला किंवा त्याच्या क्यूएसएल मॅनेजरला (त्याच्या वतीने कार्डं पाठवणाऱ्याला) लिहा, नवीन कार्ड मागा. थेट पाकिटाने मागा. ब्यूरोचा (हॅम संघटनांमार्फत गठ्ठ्याने कार्डं पाठवण्याचा) मार्ग स्वस्त आहे, पण त्यात वर्षं जातात.

छाननीनंतर कार्डांचे तीन गठ्ठे होतात: चालेल, शंका आहे, नाही. शंकेचा गठ्ठा पाठवायचा नाही. ‘बघू, घेतलं तर घेतलं’ हा सल्ला मला एका जाणत्याने दिला होता. त्याच्या शब्दावर पाठवलेली चारही कार्डं परत आली.

३. अर्ज

ऑनलाइन डीएक्ससीसी अर्जात कार्डं एकेक करून भरा. कार्डावर जे आहे तेच भरायचं, लॉगमध्ये जे आहे ते नव्हे. दोन्हींत फरक असेल तर ते कार्ड शंकेच्या गठ्ठ्यात हवं होतं. कार्डं अर्जातल्या यादीच्याच क्रमाने लावा, एकाच कार्डावर अनेक संपर्क असलेली शेवटी. नेमकी शंभर पाठवू नका. मी १०८ पाठवली, कारण एकदा ९९ वर अडकून चार महिने घालवले होते. १५ नोव्हेंबर १९४५ पासूनचे संपर्क चालतात, पण ती चिंता तुम्हाला नसणार. अमेरिकेबाहेरच्यांना एआरआरएलच्या सदस्यत्वाची सक्ती नाही. फी बघून भरा.

४. तपासणी

भारतात कार्ड चेकर कोण आहे हे एआरआरएलच्या यादीत बघा, आधी मेल करा, वेळ घ्या. शक्य असेल तर कार्डं स्वतः घेऊन जा. अर्धा दिवस जातो, पण कार्डं त्याच दिवशी आपल्यासोबत घरी येतात. जाणं जमतच नसेल तर प्रत्येक कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, गठ्ठ्याला रबर लावू नका, कडा मुडपतात. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवून कागदी पट्टी बांधा, वरून प्लास्टिक, मग स्पीड पोस्ट. आणि जून ते सप्टेंबरमध्ये पाठवू नका. चतुर्थीनंतर पाऊस ओसरू द्या.

तिथे बसल्यावर तोंड बंद ठेवा. प्रत्येक कार्डामागची गोष्ट सांगायची हौस असते, मलाही होती. चेकर आकडे जुळवत असतो, मध्ये बोललात की त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं.

५. क्रेडिट आल्यावर

खात्यात नोंद आली की यादीशी एकदा ताडून बघा. प्रमाणपत्रावर नाव तुम्ही अर्जात लिहिलं तसंच छापतात. माझ्या एका मित्राच्या आडनावात एक अक्षर कमी आहे आणि ते तसंच भिंतीवर लटकलं आहे. कार्डं मी आता घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतो, सोबत सिलिका जेलच्या चार पुड्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या पुड्या उन्हात टाकतो, ऊन असलं तर.