शके की सन? सुतळीच्या कारखान्यावर लघुप्रबंध लिहिताना

निपाणीत माझ्या आजोळचा सुतळीचा कारखाना. तंबाखूचे बोद (मोठे गठ्ठे) शिवायला तिथली सुतळी जायची. एम.ए.च्या लघुप्रबंधाला तोच विषय घेतला. घरचंच काम, महिन्यात उरकेल म्हटलं. दोन वर्षं गेली. तुम्हीही घरच्या धंद्याचा इतिहास लिहिणार असाल तर आधी ट्रंकेतल्या चोपड्या उघडा. मुलाखती मागाहून.

पण चोपडीवरचं साल दिसलं की लगेच उतरवून घेऊ नका. माझ्या पहिल्या चोपडीवर मोडीत ‘१८७४’ होतं. ‘स्थापना १८७४’ लिहून मोकळा झालो. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी मी जोडलेल्या पानावरच बोट ठेवलं: ‘डिझेल, दोन डबे’. म्हणाले, "डिझेल इंजिनाचं पेटंट १८९२ चं. तुमचे पणजोबा त्याआधी काय जाळत होते?" मान वर होईना.

ते शके १८७४ होतं. इसवी सन काढायला चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन ७९. वही दिवाळीत पुजलेली, म्हणजे ऑक्टोबर १९५२. खाली ‘नंदन नाम संवत्सरे’ ढळढळीत लिहिलेलं, शिवणीत अंबाडीचे तंतू अडकलेले. तंतू बघत बसलो, संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव, नाही बघितलं. इसवी १८७४ चं संवत्सर ‘भाव’ होतं, पंचांगवाल्याने मिनिटात सांगितलं असतं. त्याच ट्रंकेत गुजराती व्यापाऱ्याची बिलं निघाली, वर ‘२००९’! तो विक्रम संवत: दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा, पुढे ५६. तरी शंका राहिली तर रक्कम आण्यांत आहे की नव्या पैशांत ते बघा. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. (आमचे दिवाणजी पुढेही वर्षभर आणेच मांडत होते, तेवढं धरून चाला.)

मोडी पैसे देऊन वाचून घेऊ नका. वाचणारा आकडा देतो, तो शक की संवत हे सांगत नाही. मार्गदर्शकांचंही फार मनावर घेऊ नका. माझ्या सरांनी "मुंबईच्या अभिलेखागारात जा" यापलीकडे काही सांगितलं नाही. मला वाचायला शिकवलं ते ऐंशीच्या घरातल्या दिवाणजींनी, चहाच्या बदल्यात.

१ नोव्हेंबर १९५६ ला निपाणीसह आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये (आजच्या कर्नाटकात) गेला, त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. आमचे एक भागीदार चंदगडचे. ते रातोरात परराज्यातले झाले आणि त्यांचे कागद दुसऱ्या कचेरीत. इकडचे पुढचे कागद कन्नडमध्ये. घाबरू नका, अंक आणि महिने आठवड्यात वाचता येतात.

प्रबंधात दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली. मामांनी मात्र तोवर पाटी रंगवून घेतली होती, ‘स्थापना १८७४’. ती अजून दारावर आहे.